गंठण वाचलं

पत्ता विचारणाऱ्यांनी गाडी बंद केली नव्हती, हे मंजुषाच्या लगेच लक्षात आलं होतं. पुढच्याने हेल्मेट काढलं नव्हतं आणि तो सरळ गल्लीच्या तोंडाकडे बघत होता. नंबरप्लेट वर दुमडलेली होती. मागचा उतरून जवळ आला आणि 'मावशी, जिल्हा परिषदेची शाळा कुठं आली?' असं विचारताना त्याची नजर तिच्या तोंडावर नव्हती, गळ्यावर होती. सगळं लक्षात आलं होतं. असे प्रकार कसे घडतात, काय काय बघायचं, कुणाशी बोलायचं नाही, याचे मेसेज महिला मंडळाच्या ग्रुपवर कायम येत आणि तिने स्वतः ते कितीजणींना पुढे पाठवले होते. तरी तिने केलं काय, तर भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि नीट पत्ता सांगितला. सरळ जा, मग दवाखान्यापाशी डाव्या हाताला वळा. भर उन्हात, कॉलनीतले पुरुष दुकानाला आणि पोरं क्लासला गेलेली असताना, आपल्याला लुटायला आलेल्या माणसाला ती रस्ता समजावून देत होती, आणि तो मान डोलवत होता. ओळखलं तर खरं, पण समोरच्याने विचारल्यावर उत्तर द्यायचं, तोंड फिरवायचं नाही, असं वळण लागलेल्या बाईला ओळखून उपयोग काय? आपल्या मनात पाप असेल, तो बिचारा खरंच शाळा शोधत असेल, एवढा विचारही त्या क्षणात तिने करून घेतला. मग हात आला.

तो हात तिने पाहिला नाही, तो गळ्याला कळला. त्याच्या मुठीत सापडेल ते सगळं एकदम आलं होतं. सोन्याचं गंठण, आणि त्याच्या खाली, पदराच्या आत असलेला सुती दोरा. त्या दोऱ्याला चांदीच्या डबीत तिचं इष्टलिंग होतं, लिंगायताने जन्मभर गळ्यात वागवायचं. ती जन्मली तेव्हा माहेरी, देवणीच्या जंगमाने, म्हणजे गुरूने, बांधलेलं, आंघोळीत, तापात, बाळंतपणात, कधीही अंगावरून न उतरलेलं. त्याने ओढलं आणि तिने दोन्ही हातांनी धरलं. पिशवी पडली, वांगी उतारावरून गडगडत गेली, मानेमागे जाळ झाला, आणि शेजारच्या शिल्पाचा कुत्रा आतून गेटवर आदळायला लागला. मग तिच्या मुठीत गंठण होतं आणि त्याच्या मुठीत काहीतरी होतं आणि गाडी गल्लीच्या बाहेर गेली होती. ती ओरडली की नाही हे तिला आठवत नव्हतं. शिल्पा मात्र सगळ्यांना सांगत होती की काय ओरडली हो मंजूताई, मी दोन मजले एका दमात उतरले. शिल्पाने तिला पायरीवर बसवलं, साखरेचं पाणी दिलं आणि छातीशी धरलं. त्या मिठीत, दोघींच्या मधे जी डबी टोचायला हवी होती, ती टोचली नाही. ब्लाउजमधे अडकली असेल, असं मंजुषाला वाटलं. तिने चाचपून बघितलं नाही. चाचपलं असतं तर कळलं असतं, म्हणून चाचपलं नाही. तिची मूठ अजून मिटलेली होती, शिल्पाने एकेक बोट सोडवलं आणि आत गंठण बघून म्हणाली, वाचलं गं बाई, वाचलं.

तिचा नवरा मृत्युंजय गोलाईच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान नोकरावर टाकून स्कूटरवर आला तो घामाने भिजलेला. त्याने आधी गंठणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. यात रागवण्यासारखं काही नव्हतं, कुणीही आधी तिकडेच पाहिलं असतं. पोलीस ठाण्यातून एक जमादार आला, भला माणूस, पायरीवर तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "गेलं काय काय, ताई?" ती बोलायच्या आत मृत्युंजय म्हणाला, "काय न्हाई गेलं, साहेब. वाचलं सगळं. लई हिमतीची हाय ही." जमादाराचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणा की, असं म्हणून त्याने चहा घेतला. मंजुषा तेव्हा बोलू शकली असती. एका वाक्याचं काम होतं. पण नवऱ्याने चारचौघांत नुकतीच स्तुती केलेली, ती मोडून मधेच कसं बोलायचं? आणि खरं सांगायचं तर ती स्तुती तिला गोड लागली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिंमत हा शब्द त्या माणसाने तिच्यासाठी पहिल्यांदा वापरला होता.

घरी आल्यावर न्हाणीत जाऊन तिने सगळं उलगडून बघितलं. डबी नव्हती. मानेवर लाल वळ होता आणि वळात दोऱ्याचा एक तंतू चिकटलेला होता. दोरा जुना झालाय, बदलायला हवा, हे ती दिवाळीपासून म्हणत होती. बाहेर आली तेव्हा मृत्युंजयने ताटं घेतलेली होती, त्याने, नवऱ्याने, आणि दारात शिल्पाने आणून दिलेला वरणाचा डबा होता. आणि मंजुषा जेवली. आता घास उतरणार नाही असं तिला वाटलं होतं, तर भूक अशी उसळली की दोन भाकरी कधी संपल्या ते कळलं नाही. जेवतानाच तिला बाप आठवला. देवणीच्या शेतात ज्वारीची काढणी चाललेली असताना वीरण्णाच्या, तिच्या बापाच्या, गळ्यातला दोरा तुटला आणि लिंग कुठे पडलं कळेना. लिंग हरवलं की ते परत सापडेपर्यंत किंवा गुरूकडून दुसरं मिळेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, जीव गेला तरी चालेल, असं बाप नेहमी सांगे. तो बांधावर जाऊन बसला. आई तांब्या घेऊन उभी राहिली तर त्याने तोंड फिरवलं. उन्हाने त्याचे ओठ फुटले होते. सगळी माणसं धसकटांतून वाकून शोधत राहिली आणि दिवस कलल्यावर सालगडी सटवाजी ओरडला, "मालक, हितं हाय!" ओरडला आणि दोन पावलं मागे सरला. त्याने हात लावला नाही, आणि सगळी माणसं सारखी असं उठताबसता सांगणाऱ्या बापानेही त्याला उचल म्हटलं नाही. आधी सटवाजीला जेवू घातलं आणि मग स्वतः पाणी प्यायला, एवढं मात्र केलं. लहानपणी मंजुषाला त्यातला फक्त बापाचा उपास दिसला होता. बाप मरेल अशी भीती वाटून ती रडली होती. आता भाकरीचा शेवटचा तुकडा वरणात बुडवताना तिला वाटलं, बापाला निदान भूक लागलेली दिसत नव्हती. की लागली होती आणि तो ती दाबून बसला होता? विचारायला बाप राहिला नव्हता.

संध्याकाळी दही आणायचं निमित्त करून ती त्या जागेवर गेली. गटार कोरडं होतं, महानगरपालिकेचं पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. प्लास्टिकच्या पिशव्या, तिच्याच पिशवीतलं चेंगरलेलं वांगं, कुणाची तरी तुटलेली चप्पल. चोर चांदी ठेवून दगड फेकून देईल, असा तिचा हिशोब होता. त्याला तो दगडच. ती वाकलेली बघून वरून शिल्पाने विचारलं, "काय हरवलं का हो ताई?" मंजुषा म्हणाली, "काही नाही, कानातल्याची फिरकी." आणि शिल्पा लगेच मोबाईलची बॅटरी लावून खाली आली, दोघींनी मिळून बराच वेळ न हरवलेली फिरकी शोधली. एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं खोटं लागतं हे तिला माहीत होतं, पण दुसऱ्याला मदतीला एवढी माणसं धावून येतील असं वाटलं नव्हतं. घरी येताना तिला आई आठवली. आईला शेवटी नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढा म्हणून नर्स सांगत होती. आईने बांगड्या काढल्या, डोरलं काढून दिलं, जोडवी काढताना रडली, पण लिंग काढेना. डॉक्टर येऊन रागावला, मग हसला, शेवटी दंडाला पट्टीने गुंडाळून बांधा म्हणाला. त्यानंतर महिन्याभरात आई गेली. आपल्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्यात बसवलेल्या आईच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं आणि बोटं मिटत नव्हती, म्हणून मंजुषाने वरून वाकून ती मिटवली होती. माती पडायला लागली तेव्हा तिला त्याचाच आधार वाटला होता, की आई रिकाम्या हाताने जात नाही. माझ्या हातात काय ठेवणार? गंठण तर सगळ्यात आधी उतरवतील.

रात्री शिल्पाने गेटवरच्या कॅमेऱ्यातली फीत पाठवली आणि ती तासाभरात सगळ्या लातुरात फिरली. मंजुषाने ती पाहिली, पुन्हा पाहिली. वरून, तिरप्या कोनातून दिसणारी एक जाडसर बाई. ती चक्क हात करून डावीकडचा रस्ता दाखवते आहे. मग झटापट, आणि बाईचे दोन्ही हात गळ्याशी जातात. बोट लावून थांबवत थांबवत पाहिलं तर अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याच्या मुठीत दोन्ही होतं आणि दोन्हीतलं एक तिच्या हाताने निवडलं. पहिल्या क्षणाला हात दोऱ्यावर होता, तिथून सरकून गंठणावर गेला. आणि तो हात डावा होता. रोज पहाटे ज्याच्यावर लिंग ठेवून, भस्म लावून, बेलाचं पान वाहून ती डोळ्याचं पातं न हलवता बसायची तोच. हाताला कुणी विचारलं नव्हतं, विचारायला वेळच नव्हता, म्हणून तर तो खरं वागला. एरवी कुणी तिला विचारलं असतं की तुला काय जास्त प्रिय, तर तिने काय उत्तर दिलं असतं हे तिला माहीत होतं आणि त्या उत्तराची तिला आता किळस आली. गंठण तरी तिला कुठे मनापासून आवडत होतं? नमुना मृत्युंजयच्या बहिणीने पसंत केलेला. लग्नाकार्यात घालायचं आणि बायकांनी हातात घेऊन वजन अजमावायचं. त्या वजनाची मानेला सवय झाली होती, एवढंच. फितीखाली टाळ्या वाजवणारे हात, अंगठे, बदाम यांची रांग लागली होती. नांदेडहून शिवानीचा फोन आला. "आई, अगं तू तर वाघीण निघालीस! माझ्या ऑफिसमधे सगळ्यांनी बघितलं." मंजुषा म्हणाली, "नीट बघितलंस का?" शिवानी म्हणाली, "दहादा!" आणि मंजुषाला पोटच्या पोरीचा राग आला. दहादा बघून तुला आईचा गळा दिसला नाही?

मृत्युंजयने तोच मोबाईल नेऊन आपल्या आईच्या डोळ्यांपुढे धरला. मल्लम्मा भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या घरातली, हाडाची काडं झालेली, पण मागच्या थंडीत मोतीबिंदू काढल्यापासून घरात तिच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. भिंतीवरची मुंगी, ताटातला केस, सुनेच्या पापणीतलं पाणी, सगळं. तिने फीत पाहिली आणि म्हणाली, "पुन्ना एकदा दाव." मृत्युंजयने दाखवली. "कशी धरली बघ, अव्वा. पोरगा बी हिसडा मारून थकला." मल्लम्माने हाताने मोबाईल दूर केला. तिने पदराआडून हात घालून आपली डबी चाचपली आणि म्हणाली, "मला जेवाय नको आज. पोट बरं न्हाई." मंजुषाने ते ऐकलं आणि मनात म्हटलं, म्हातारीला धसका बसला. तसं म्हणायला सोपं होतं.

पहाटे मृत्युंजय, मल्लम्मा आणि मंजुषा, तिघंही नेहमीप्रमाणे देवघरात पूजेला बसली. जायचं नाही, पाळी आली म्हणावं, तर ते दिवस केव्हाच सरले होते. आणि आपल्यात त्याचा विटाळही धरत नाहीत, म्हणजे तेही निमित्त चाललं नसतं. मंजुषाने भस्म लावलं, डावा हात पुढे धरला आणि मूठ मिटून वरून पदर ओढला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मल्लम्माने शेजारी आपलं काळंभोर, वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेलं लिंग तळहातावर घेतलं आणि नजर लावली. मंजुषाने पदराआड हळूच मूठ उघडली. तळहातावर वांग्याच्या काट्याचा ओरखडा होता, हळदीचा डाग होता, रेषा होत्या. तिने त्यांच्याकडे पातं न हलवता बघायचा प्रयत्न केला. लिंगाकडे बघताना एका घटकेनंतर बाकीचं सगळं विरघळायचं, निदान तसं वाटायचं. आता काहीच विरघळेना, उलट बाहेर दूधवाल्याचा आवाज, पंख्याची कुरकुर, स्वतःच्या पोटाचा आवाज, सगळं मोठं होत गेलं. म्हणजे आजवर जे विरघळत होतं ते काय होतं? मल्लम्माने पूजा आटोपली, बेलाचं पान उचललं आणि सुनेच्या मिटल्या मुठीकडे एकदा बघून उठली. "दूध उतू चाललंय," म्हणाली. तिने दूध प्यायलं नाही. दुपारी ताटावर बसली नाही. रात्री मृत्युंजयने रागावून बघितलं, विनवून बघितलं, तर पाण्याचा पेला बाजूला सारून ती भिंतीकडे तोंड करून निजली.

सत्काराचं मंडळाच्या बायकांनी फीत फिरली त्याच रात्री ठरवलं होतं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी समाजाच्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारीने अन्नपाणी सोडल्याला दोन दिवस होत आले होते. मंजुषाने जायचं नाही असं म्हणून पाहिलं, पण मृत्युंजय म्हणाला, "डॉक्टर येऊन बघून गेलाय. भीतीनं झालंय म्हनला, रात्रीपर्यंत न्हाई खाल्लं तर सलाईन लावू. तू जाऊन ये. लोकांनी एवढं केलंय, चांगलं दिसतंय का?" ती जाताना मल्लम्माने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मंजुषाने तिथे जाऊन सांगायचं ठरवलं. तिथेच सांगायला हवं होतं, त्या सगळ्याजणींच्या गळ्यात दोरे होते, इतर कुणाला त्याचा अर्थ कळला नसता. भीमाशंकर मास्तरांची सून शिवांगी सूत्रसंचालन करत होती. "शरणार्थ" असा नमस्कार करून तिने माईक हातात घेतला आणि म्हणाली की मंजूताईंनी नुसतं सोनं नाही वाचवलं, आपल्या समाजाच्या लेकीसुनांचे संस्कार वाचवले. टाळ्या झाल्या. शाल घातली. शालीखाली गळा पूर्ण झाकला गेला. मग ताईंनी दोन शब्द बोलावेत म्हणून माईक तिच्या तोंडापुढे आला आणि मंजुषाने समोर बघितलं. पहिल्या रांगेतल्या बायका तिच्याकडे बघत नव्हत्या, गंठणाकडे बघत होत्या. हेच का ते, असं एकीने दुसरीला कोपराने ढोसून विचारलं. मंजुषाचं तोंड उघडं होतं, शब्द जिभेवर होता, आणि तिच्या कानांनी तिचा आवाज ऐकला: "अनोळखी माणसाशी बोलू नका. प्रसंगावधान ठेवा." पुन्हा टाळ्या झाल्या. उपीट चांगलं झालं होतं. तिने खाल्लं.

परत आली तेव्हा मृत्युंजय हॉलमधे सलाईनवाल्याला फोन लावत होता. तिने शाल सोफ्यावर टाकली, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज केली आणि वाटी घेऊन मल्लम्मापाशी बसली. म्हातारीचे ओठ चिकटले होते. मंजुषाने चमचा पुढे केला तसं तिने मान वळवली.

"अव्वा, पोटाला काय व्हायलंय तुमच्या?"

"पोटाला काय व्हायचंय? पोट बरं हाय."

"मग?"

"तू जेवलीस?"

मंजुषा चमच्याने पेज ढवळत राहिली.

"परवा बी जेवलीस. दोन भाकरी. काल बी जेवलीस. आज तितं बी खाऊन आली असशील." म्हातारीचा आवाज बारीक होता पण एकेक शब्द सरळ येत होता. "लिंग गेल्यावर पानी सुदीक घेत न्हाईत. तुज्या बापानं शिकिवलं न्हाई तुला?"

"शिकवलं, अव्वा."

"मग? तू खाऊन राहिली, त्यो खाऊन राहिला. घरातलं लिंग गेलं अन् घरात कुनी बी उपाशी न्हाई? चूल पेटायली, च्या व्हायला, शाली येऊन राहिल्या. कुनीतरी उपास धराय पायजे का न्हाई?"

मंजुषाने चमचा वाटीत ठेवला. "माझ्यासाठी तुम्ही दोन दिवस..."

"तुज्यासाठी न्हाई. उगं मोठेपना घिऊ नको. तू चूक केलीस ती हातानं केलीस, हाताला अक्कल नसती. माजा हात बी तितंच गेला असता का काय, मला ठावं न्हाई. पन तोंडाला तर अक्कल हाय? तोंडानं का न्हाई सांगितलं?" ती दमली. "जा. सांग त्याला. माजं लेकरू हाय, त्यो तुला मठात घिऊन जाईल. स्वामीपुढं बस, काय झालं ते चार मानसात सांग, दुसरं लिंग घे. मग मी खाते. तवर न्हाई."

मंजुषाला रडू आलं, आणि रडण्यात सुटकाही होती. कुणाला तरी ठाऊक होतं. दोन दिवस ती एकटी नव्हती, भिंतीपलीकडे कुणीतरी तिचा उपास धरून बसलं होतं. एवढं सोपं होतं तर. नवऱ्याला सांगायचं, तो रागावेल, गप्प बसेल, मग स्कूटर काढेल. त्याच्या रागावण्याची तिला आता घाई झाली. तिने डोळे पुसले आणि ती बाहेर आली. मृत्युंजय खुर्चीवर बसून मोबाईलवर सत्काराचे फोटो बघत होता. त्याच्यासमोर उभी राहून तिने सांगितलं. डबी, दोरा, हात कुठून कुठे सरकला ते, गटार, फिरकी, रिकामी मूठ, सगळं एका दमात. अव्वा का जेवत नाहीत तेही. त्याने मान वर केली नाही.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"मला दिसत न्हाई का? त्याच दिवशी, शिल्पाच्या पायरीवर बसली होतीस, तवाच बघितलं. गळ्यात दोरा न्हवता." मग त्याने मोबाईल पालथा ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाईटही वाटलेलं नव्हतं. समजूत घालायच्या वेळी असतो तसा चेहरा होता. "तू बी बोलली न्हाईस, मी बी म्हटलं कशाला? गेलं म्हटलं असतं तर गुन्हा, पंचनामा, तारखा. अन् लोकांनी काय म्हटलं असतं, सोनं धरलं अन् देव सोडला? त्यापरीस गप्प बरं. सवडीनं दुसरं घेऊ की. मठात कपाटभर असतेत. चांदीची डबी जरा चांगली करू ह्या बारीला." तो जरा हसला. "बरोबर केलंस तू. गंठण गेलं असतं तर परत झालं असतं का, सांग?"

त्याने तिला बरोबर केलंस म्हटलं होतं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर त्या घेऊन ती आत गेली असती, त्यांना काही वजन असतं. या माणसाबरोबर रोज पहाटे एका भिंतीकडे तोंड करून ती बसली होती, त्याच्या तळहातावरही लिंग असायचं, तोही पातं हलवत नसे. पायरीवर त्याची नजर आधी गंठणावर गेली, मग तिच्याकडे वळली. त्या दुसऱ्या नजरेचा तिने काय काय अर्थ लावला होता! आणि तो नुसता गळा बघत होता, हिशोब जमतोय का ते. हिमतीची हाय ही. तिला वाटलं, आत जाऊन खोटं सांगावं. उद्या सकाळी मठात चाललो, ते फार चिडले, त्यांनीही जेवण सोडलं. म्हातारी तेवढ्यावर पेज घेईल आणि सुखाने निजेल. तीन पावलांत तिने सगळी वाक्यंही जुळवली.

मल्लम्मा तिच्याकडेच बघत होती. त्या डोळ्यांपुढे जुळवलेलं एकही वाक्य टिकेना.

"काय म्हनला?"

"म्हणाले, सवडीने दुसरं घेऊ."

"रागावला?"

"नाही." मंजुषा खाली बसली. "त्यांना ठाऊक होतं, अव्वा."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

मल्लम्माने तिच्यावरची नजर काढून घेतली. छताकडे बघत राहिली. बाहेर मृत्युंजयने टीव्ही लावला, बातम्यांचा आवाज आला. मग म्हातारीने कोपरावर जोर दिला आणि उठून बसायला लागली. मंजुषाने आधार दिला, तो तिने घेतला नाही. भिंतीला टेकली, पदर सावरला, पदराआतली डबी एकदा हाताने सरळ केली.

"आन ती वाटी."

"अव्वा, नको. आपण दोघी जाऊ मठात. मी सांगते सगळ्यांना, आत्ताच रिक्षा बोलावते. तोवर थांबा. मीही काही खात नाही, तुमच्याबरोबर..."

"आन म्हनते ना."

तिने वाटी दिली. गार झालेली पेज म्हातारीने चमच्याशिवाय, वाटी तोंडाला लावून प्यायला सुरुवात केली. गळा सुकलेला होता, पहिल्या घोटाला ठसका लागला, हनुवटीवरून ओघळलं, ते तिने हाताच्या पाठीने पुसलं आणि पुन्हा वाटी तोंडाला लावली. मंजुषा तिच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत राहिली. थांबा, थांबा, असं तिला ओरडायचं होतं. दारात मृत्युंजय येऊन उभा राहिला आणि त्याचं तोंड आनंदाने फुललं. "खायली का? बघ, म्हटलं न्हवतं का मी, सांगितलं की खातीय म्हनून!" तो लगेच सलाईनवाल्याला नको म्हणायला वळला.

मल्लम्माने वाटीच्या तळाशी राहिलेलं बोटाने निपटून घेतलं. रिकामी वाटी सुनेपुढे धरली.

"भाकर हाय का?" ती म्हणाली. "असली तर आन. अन् जरा ठेचा आन. आता कुनासाठी धरायचं?"